रविवारचं पाणी

मीनलताई आमच्याकडे दोन आठवड्यांसाठी आली आणि चौदा महिने राहिली. माझ्या आत्याची ही मुलगी आइंडहोव्हनला पुढचं शिकायला आली होती. साथ सुरू झाली तशा तिच्या वसतिगृहातल्या मुली आपापल्या देशी पळाल्या, आणि ही एकटीच त्या लांबलचक मजल्यावर मॅगी खाऊन दिवस काढतेय हे कळल्यावर बाबांनी गाडी काढली आणि तिला घेऊन आले. व्हेल्डहोव्हनचं आमचं घर तसं आटोपशीर. वरच्या मजल्यावरच्या लहान खोलीत माझे चित्रकलेचे कागद, जुनी खेळणी, एक मोडका की-बोर्ड असं सामान होतं. ते सगळं एका दुपारीत माझ्या पलंगाखाली गेलं आणि ती खोली तिची झाली. मी तेव्हा पंधरा वर्षांची होते आणि एकुलती एक होते. एवढं सांगितलं की पुढचं बरंचसं कुणालाही समजावं.

आई एका आपोटेकमध्ये, म्हणजे औषधांच्या दुकानात, कामाला होती. त्यामुळे सगळं जग घरात बसलेलं असताना ती मात्र रोज सकाळी सायकल काढून बाहेर पडायची. बाबा चिप बनवायच्या यंत्रांचे इंजिनियर. त्यांनी जेवणाच्या टेबलाचं ऑफिस केलं होतं आणि दिवसभर कानाला हेडफोन लावून ते इंग्रजीत कुणाला तरी समजावत असायचे. मीनलताई आल्यावर या घरात पहिल्यांदा बदलला तो बाबांचा आवाज. आमच्याशी ते पुण्याच्या ऑफिसात शिकलेलं नीटनेटकं मराठी बोलायचे, मध्येमध्ये इंग्रजी. तिच्याशी बोलताना मात्र ‘काय करायलायस गं?’ असा कुठला तरी मोकळा, रुंद आवाज त्यांच्या घशातून निघायचा. राधानगरीच्या वरच्या अंगाला, नदीकाठच्या गावात आत्या दिली होती आणि बाबांचं अर्धं लहानपण तिच्याकडे गेलं होतं, एवढं मला माहीत होतं. पण त्या लहानपणाचा असा आवाज होता हे मला पंधरा वर्षांत कुणी ऐकवलं नव्हतं. दुपारी मीनलताई गॅसवर भाकरी टाकायची, बाबा ओट्याला टेकून उभ्याउभ्याच ती कांदा-लसणाच्या चटणीशी खायचे, आणि दोघं हसायचे. मी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ब्रेडवर चॉकलेटचा भुगा पसरून डच मुलांसारखं जेवायचे. भाकरी मला कुणी नको म्हटली नव्हती. मीच ‘मला नको’ म्हणाले होते, आणि नंतर कुणी पुन्हा विचारलं नाही याचा मला राग होता.

तरी एक गोष्ट माझी होती. घरातलं सगळं डच माझ्याकडे असायचं. आईचं डच गोळ्या किती आणि जेवणाआधी की नंतर एवढ्यापुरतं पक्कं, बाबांचं तर ‘धन्यवाद’च्या पुढे जात नसे. खेमेन्तेची पत्रं, म्हणजे नगरपालिकेची, मी वाचायचे. डॉक्टरकडे फोन मी लावायचे. दाराशी कुणी आलं की बाबा मागे वळून हाक मारायचे, “सई, काय म्हणतोय बघ.” आठ वर्षांची असल्यापासून मी हे करत होते आणि त्याचा मला भारी तोरा होता. मीनलताईनेही ऑनलाइन डचचा वर्ग लावला होता. वरच्या खोलीतून तिचे ते घसा खरवडणारे उच्चार ऐकू आले की मी मुद्दाम जिन्यात थांबून हसायचे.

मासेमारीचं खूळ कसं शिरलं ते सांगायला हवं. एका रविवारी आत्याच्या नवऱ्याशी, म्हणजे मीनलताईच्या पप्पांशी, व्हिडिओ कॉल चालला होता. बाबा त्यांना दाजी म्हणायचे. याच दाजींनी बाबांना दहाव्या वर्षी नदीवर नेऊन गळ धरायला शिकवलं होतं, आणि पुढे आपल्या मुलीलाही. दाजींनी सहज विचारलं, तिकडं नुसतं पाणीच पाणी म्हणतात, मग मासं न्हाईत काय? त्या एका प्रश्नाने बाबा उठले ते महिन्याभरात परवाना, गळ, काठ्या आणि छातीपर्यंतच्या रबरी विजारी घेऊनच थांबले. आमच्या भागातल्या कालव्यांतले मासे त्यांना पटेनात. वाहतं पाणी हवं होतं. तसं पाणी या सपाट देशात एकाच कोपऱ्यात आहे, दक्षिण लिम्बुर्गच्या टेकड्यांत, सव्वा तासावर. तिथल्या ओढ्यांत ट्राउट असतो. अंगावर लाल ठिपके, हातात घेतला तर साबणासारखा निसटणारा. आणि पकडला की परत सोडायचा, असा तिथल्या क्लबचा रिवाज. आईला हे कधीच पचलं नाही. अडीच तासांचा प्रवास, चार तास पाण्यात उभं राहणं, आणि रात्री जेवायला गोठवलेला बांगडा, असं ती ज्याला त्याला सांगायची.

त्या क्लबचा राखणदार हूब म्हणून एक म्हातारा होता. परवाने तपासत ओढ्याकाठी फिरायचा, दीड मीटरचं अंतर स्वतःच्या काठीने मोजून उभा राहायचा, आणि अशा गावठी बोलीत बोलायचा की मलाही कान टवकारावे लागत. अर्थात त्याच्याशी बोलायचं काम माझंच. क्लबकडे फोन नंबरही माझाच दिला होता. म्हणून शनिवार-रविवारी मीही जायचे. मला मासे आवडत नव्हते, पाणी थंडगार असायचं, चिखलात बूट रुतायचे. मी दुभाषी म्हणून जायचे आणि काठावर बसून त्या दोघांना बघायचे.

पाणी चढलं की खरी गंमत सुरू व्हायची. पाऊस झाला की मोठा ओढा कोको घातलेल्या दुधासारखा व्हायचा आणि बाकीचे गळवाले घरी बसायचे. बाबा मात्र शुक्रवारी संध्याकाळी पाणी खात्याच्या साइटवरचे पातळीचे आलेख उघडून बसायचे, अगदी ऑफिसातले आलेख बघतात तसे. कुठला ओढा कधी चढला, किती तासांत उतरला, कुठला जंगलातून येतो म्हणून सावकाश उतरतो, कुठला शेतांतून येतो म्हणून चार दिवस गढूळ राहतो, याची त्यांनी वही घातली होती. शेजारी मीनलताई. तिला आलेख लागत नसत. ती म्हणायची, “मामा, पाणी चढलं की मासा मधे थांबतोय व्हय? कडेला येतोय. गवतात बघ.” आणि खरंच, बाबांनी वहीतून शोधून काढलेल्या ओढ्यावर ती कडेच्या बुडालेल्या गवतात गळ सोडायची आणि मासा लागायचा. हूबची खूण साधी होती. गुडघाभर पाण्यात उभं राहायचं आणि खाली बघायचं. बुटाचं टोक दिसलं तर गळ टाकायचा, नाही तर घरी जाऊन कॉफी प्यायची. पण मीनलताईला कडेला, बुटाचं टोक न दिसणाऱ्या पाण्यातही मासा लागलेला त्याने दोनदा पाहिला आणि तेव्हापासून तो तिला मिना म्हणायला आणि टोपी काढून नमस्कार करायला लागला. त्याचं कौतुकही मलाच मराठीत करून सांगावं लागायचं. मी ते जरा कमी करून सांगायचे.

मी जळत होते. आज या वयात सभ्य शब्द शोधायची गरज वाटत नाही. मला तिचा हेवा वाटायचा, सकाळी उठल्यापासून. तिच्या भाकऱ्यांचा, तिच्या लांब वेणीचा, बाबांशी न बोलता त्यांच्याच बाजूला उभं राहून पाण्याकडे बघत राहण्याच्या तिच्या हक्काचा. तिला स्वतःचे वडील होते, धडधाकट, रविवारच्या रविवार फोनवर हसणारे. आणि वर माझेही होते. मला अर्धेच होते, आणि ते अर्धेही इंग्रजीत कानाला हेडफोन लावून बसलेले. ती वाईट असती तर सोपं गेलं असतं. ती माझ्या गणवेशाला बटणं लावून द्यायची असं काही नाही, इथे गणवेश नसतात, पण माझ्या सायकलचं पंक्चर तीच काढायची. कपाळावर ग्रीस लावून घेऊन ‘झालं बघ तुझं’ म्हणायची, आणि मला तिला ढकलावंसं वाटायचं. हे मी आईला कधी बोलले नाही. आईला कळत असावं. ती एकदा नुसतं म्हणाली, “परकं पोर आहे ते, जायचंच आहे तिला.” मी मनात म्हटलं, कधी.

दुसऱ्या वर्षी वसंतात तिकडून बातम्या वाईट यायला लागल्या. आत्याच्या गल्लीत रोज कुणी ना कुणी. मग एके दिवशी दाजींनाच ताप. तिसऱ्या दिवशी त्यांना कोल्हापूरला दवाखान्यात हलवलं, ऑक्सिजन लावला. घरातली हसणी थांबली. मीनलताई फोन उशाला घेऊन झोपायची, बाबा झोपायचेच नाहीत. पाचव्या दिवशी आत्याचा आवाज जरा सैल झाला होता. दाजी उठून बसले, पेज प्यायले, उद्या ऑक्सिजन काढतील बहुतेक, असं डॉक्टर म्हणाले म्हणे. आमच्याकडेही तो आठवडा सगळा पावसाचा होता आणि सगळे ओढे फुगले होते. बाबांनी बरेच दिवसांनी वही उघडली, एकदा चाळली आणि मिटली.

त्याच आठवड्यात, शुक्रवारी, मला हूबचा निरोप आला. मोठ्या ओढ्याचं नाव काढू नका, असं त्याने लिहिलं होतं. पण जुन्या गिरणीच्या वर, टेकडीच्या पोटातून निघणारा एक अरुंद ओढा आहे, तो झऱ्यांचा आहे, तो सगळ्यांच्या आधी निवळतो. शनिवारी थोडा दुधाळ असेल, रविवारी बुटाचं टोक स्वच्छ दिसेल. रविवारी या, मी पुलापाशी थांबतो, जागा दाखवतो. आणि शेवटी: मिनाला नक्की आणा, तिचा हात चांगला आहे.

ते शेवटचं वाक्य मी किती वेळा वाचलं असेन कोण जाणे. शनिवारी मीनलताईचं कॉलेजच्या गटाबरोबरचं ऑनलाइन काम होतं, सकाळी दहापासून दुपारी दोनपर्यंत. ते चुकवणं शक्य नव्हतं हे सगळ्यांना माहीत होतं. मी शनिवारी सकाळी खाली आले आणि चहा पिणाऱ्या बाबांना म्हटलं, हूबचा निरोप आलाय, गिरणीच्या वर एक ओढा निवळलाय, पण आजच. उद्या परत पाऊस आहे. निरोप मीच वाचत असल्यामुळे तो कुणी मागितला नाही. बाबा नको म्हणत होते. दाजींचं असं असताना कसलं मासे धरणं, म्हणाले. आई म्हणाली, आठवडाभर डोळ्याला डोळा नाही तुमच्या, जरा वारं लागू द्या, तिकडे आता बरं आहे ना. आणि वरून, लॅपटॉपची वायर ओढत, मीनलताई म्हणाली, “जा की मामा. मी हाय इथं फोनपाशी.” म्हणजे तिनेच पाठवलं असं म्हणायला मला पुढे कितीतरी वर्षं जागा होती.

तो दिवस माझा होता. ओढा इतका अरुंद की दोन्ही काठांवरून हात मिळवता आले असते. वर झाडांची कमान, खाली पांढुरक्या पाण्यात दगड आणि मुळं. बाबांनी गुडघाभर पाण्यात उभं राहून खाली पाहिलं आणि माझ्याकडे बघून मान डोलावली. फोन नेहमीप्रमाणे गाडीत होते, श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात. मागच्या वर्षी कंपनीचा एक फोन ओढ्यात गेल्यापासून बाबांनी हा नियमच केला होता. त्यांनी माझ्या हातात काठी दिली, मागे उभे राहिले, माझं मनगट धरलं. मुळाखाली, कडेच्या संथ पाण्यात माझ्या गळाला मासा लागला, माझा पहिला. बाबा खालच्या पट्टीत ओरडले, “सोडू नगंस, सोडू नगंस!” तो मोकळा, रुंद आवाज. माझ्यासाठी. मासा ओंजळीत धरून मी परत पाण्यात सोडला आणि मला वाटलं, आता बास, आता कुणी आलं तरी चालेल.

मग आम्ही काठावर बसून डबा खाल्ला आणि बाबा दाजींविषयी बोलायला लागले. नदी चढलेली असताना दाजी त्यांना खांद्यावर घेऊन पलीकडे न्यायचे, मध्ये धारेत मुद्दाम डगमगायचे आणि बाबा त्यांचे केस घट्ट धरायचे. हे मला त्यांनी पहिल्यांदा सांगितलं. मीनलताईला सगळं आधीच माहीत होतं, म्हणून मला सांगायला कारण मिळालं नव्हतं, असं मला त्या क्षणी वाटलं. “संध्याकाळी दाजींना सांगतो,” बाबा म्हणाले, “इथंसुद्धा कडेलाच लागला म्हणून. मीनल असायला पाहिजे होती बघ.” मी पोळीचा तुकडा मोडत राहिले. आणखी तासभर थांबू या, असं मीच म्हटलं. आम्ही दोन तास थांबलो.

गाडीतला फोनचा डबा उघडला तेव्हा बाबांच्या फोनवर अकरा मिस्ड कॉल होते. सात मीनलताईचे, चार आत्याचे. बाबांनी गाडीच्या बॉनेटला टेकून फोन लावला, ऐकलं, आणि ‘कधी?’ एवढंच दोनदा विचारलं. मग ते विजार न बदलता तशीच गाडी चालवायला बसले. सव्वा तास पेडलवर रबराचा आवाज येत होता.

मीनलताई जिन्याच्या सर्वांत खालच्या पायरीवर बसली होती. आई अजून दुकानातून यायची होती. मीनलताईने सगळं सांगितलं, एका सुरात, धडा म्हणावा तसं. दाजींचा श्वास सकाळपासून बिघडला होता, घशात नळी घालून मशीनवर घ्यायचं ठरलं होतं. त्याआधी सिस्टरने स्वतःच्या फोनवरून व्हिडिओ लावून दिला होता, दोन मिनिटं.

“पप्पांनी विचारलं, मामा कुठाय. मी म्हटलं, माशाला गेलाय. तर हसले. मास्क होता, पण डोळ्यांवरनं कळलं. म्हणाले, पाणी कसंय? मी म्हटलं, गढूळ हाय. मग म्हणाले, थांबतो जरा, येऊ दे त्याला. पण सिस्टर म्हणाली, टाइम न्हाई.”

बाबा खाली बसले, तिच्या पायरीपाशी, फरशीवर, ओल्या विजारीत. त्यांनी तिचं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि ‘मी हाय, मी हाय’ म्हणत राहिले. मी दारात उभी होते, हातात बूट. आजवर कुणाला सांगितलं नाही ते इथे लिहिते: तेव्हाही मला तिचा हेवा वाटला. मला भीती वाटली, लाज वाटली, हे सगळं खरं. पण त्याच्याआधी, सगळ्यात आधी, बाबांचे ते हात बघून मला हेवा वाटला.

दाजी त्यानंतर चौथ्या दिवशी गेले. अंत्यविधी आम्ही लॅपटॉपवर पाहिला; चार माणसं, पांढरे पोशाख, चित्र मध्येच थिजायचं. विमानं बंद होती, मीनलताई जाऊ शकली नाही. बाबा येणाऱ्या प्रत्येक फोनवर एकच वाक्य म्हणायचे, ‘त्यांनी बोलावलं तेव्हा मी मासे धरत होतो.’ समोरचा काहीतरी समजुतीचं बोलायचा. बाबा ऐकून घ्यायचे आणि पुढच्या फोनवर परत तेच म्हणायचे. काठ्या त्यांनी माळ्यावर टाकल्या. आम्ही आता येणार नाही, घरात मृत्यू झालाय, एवढं हूबला कळवायला त्यांनी मला सांगितलं. मी दोन ओळी लिहून पाठवल्या आणि फोन उलटा करून ठेवला.

पुढच्या शनिवारी बेल वाजली. दारात हूब. कोट घातलेला, हातात फुलांची कुंडी. ती पायरीवर ठेवून तो मागे सरकला आणि नेहमीच्या दीड मीटरवर उभा राहिला. आई कामावर होती. आम्ही तिघं दारात आलो, बाबा पुढे, त्यांच्या खांद्यामागे मीनलताई आणि मी. मरणाच्या घरी आलोय म्हणून असेल, त्याने आपली गावठी बोली सोडली होती. तो सावकाश, एकेक शब्द वेगळा करत, शाळेत शिकवतात तसं डच बोलत होता.

“फार वाईट झालं,” तो म्हणाला. “मी रविवारी सकाळभर पुलापाशी उभा होतो. मी हिला रविवार कळवला होता, रविवारी पाणी उत्तम असतं म्हणून. तुम्ही आला नाहीत तेव्हाच मला वाटलं, घरी काहीतरी घडलं असणार.”

बाबांनी नेहमीसारखं मागे वळून माझ्याकडे पाहिलं. “सई, काय म्हणतोय?”

माझं तोंड उघडं होतं आणि त्यातून कुठल्याच भाषेतला शब्द येत नव्हता. मी मीनलताईकडे पाहिलं. ती माझ्याकडेच बघत होती. चौदा महिने जिन्यात उभी राहून ज्या उच्चारांना मी हसले होते, त्यांतून तिला काय काय समजत होतं ते मला तिच्या चेहऱ्यावर दिसलं. शनिवार आणि रविवार हे कुठल्याही भाषेच्या पहिल्याच धड्यात असतात. ती माझ्याकडे किती वेळ बघत होती ते मला आजही सांगता येणार नाही. मग ती बाबांकडे वळली.

“म्हणतोय, लई वाईट वाटलं,” ती म्हणाली. “तुझ्यावर काही दोष न्हाई म्हणतोय, मामा.”

बाबांनी मान हलवली. त्यांचे डोळे भरून आले, त्यांनी हूबला हात जोडले आणि त्या आठवड्यात पहिल्यांदा कुणाचं तरी बोलणं त्यांना पटल्यासारखं दिसलं. मीनलताईने वाकून कुंडी उचलली आणि हूबला तिच्या त्या खरखरीत डचमध्ये कॉफी विचारली. तो टोपी काढून हसला. बाबांना हे शेवटपर्यंत कधी कळलं नाही. मीनलताईने ते माझ्यापाशी कधी काढलं नाही, भांडणातसुद्धा नाही. त्या दिवशी दारात मी तिचे पाय धरायला हवे होते. मी तिथे उभी राहिले आणि माझ्या मनात आलं ते एवढंच, की या घरात दाराशी आलेल्या माणसाचं बोलणं बाबांना सांगणं, एवढं एकच काम माझं होतं, आणि ते तिने माझ्यापेक्षा चांगलं केलं.